दिव्यांग प्रौढांना कला कोण शिकविणार?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा संसदेने डिसेंबर २०१६ मध्ये संमत केला व १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलात आला. नोकरीतील चार टक्के आणि उच्च शिक्षणातील पाच टक्के राखीव जागा, एवढ्या दोन गोष्टींसाठी हा कायदा सर्वांना ठाऊक आहे. त्याचे एकोणतिसावे कलम मात्र फारसे कोणी उघडून पाहत नाही. दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने सांस्कृतिक जीवन जगता यावे यासाठी सरकारने आणि स्थानिक संस्थांनी उपाय योजले पाहिजेत, असे हे कलम सांगते. एवढ्यावर न थांबता दिव्यांग कलावंत व लेखकांना साहाय्य देणे, कला त्यांच्या आवाक्यात आणणे, नृत्याच्या व कलेच्या वर्गांत त्यांना भाग घेता येईल अशी सोय करणे, कलाविषयक अभ्यासक्रमांची फेरआखणी करणे ही कामेही ते नावानिशी नोंदविते. अठरावे कलम प्रौढ शिक्षणाविषयी आहे आणि तेही सरकार व स्थानिक संस्था या दोघांनाच बांधून घेते. दोन्ही कलमे शेजारी ठेवून वाचली तर अर्थ सरळ निघतो. अठरा वर्षांवरील दिव्यांग स्त्रीपुरुषांना गाणे, वाजविणे, चितारणे, नाटक करणे शिकता यावे हे पाहणे हे नशिराबादसारख्या गावातील स्थानिक संस्थेचे कायदेशीर कर्तव्य आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

नशिराबादचे नाव येथे घेतले ते त्या गावात काही विशेष वाईट घडते म्हणून नव्हे. जळगाव आणि भुसावळ यांच्यामध्ये, राष्ट्रीय महामार्गावर वसलेले हे गाव खान्देशातील शंभर मोठ्या गावांसारखेच आहे. शेती आहे, सिमेंटचा कारखाना आहे, बाजार आहे, आणि ग्रामपंचायत जाऊन अलीकडे नगरपरिषद आलेली आहे. जळगाव शहर अवघ्या दहा किलोमीटरच्या अंतरावर आहे. शहरात संगीताचे वर्ग आहेत, चित्रकलेचे वर्ग आहेत, नाट्यगृह आहे. परंतु कुबड्या घेऊन चालणाऱ्या माणसाला, किंवा ज्याला एकट्याने प्रवास करता येत नाही अशा चाळिशीतल्या मतिमंद मुलाला — चाळिशीतही त्याला सारे मुलगाच म्हणतात — हे दहा किलोमीटर फार लांब पडतात. एस. टी.च्या भाड्यात दिव्यांगांना मोठी सवलत आहे, एस. टी.ची पायरी मात्र सवलतीत उतरत नाही. म्हणून प्रश्न शहरात काय आहे हा नसून गावात काय असू शकेल हा आहे.

या प्रश्नाचा आवाका आकड्यांत पाहावा. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. महाराष्ट्रातील संख्या २९ लाखांच्या वर होती. देशातील दिव्यांगांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक ग्रामीण भागात राहत होते आणि सुमारे ४५ टक्के निरक्षर होते. त्या वेळी मोजणी मोजक्या प्रकारांची झाली. २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मानले, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच असणार. यातील बहुसंख्य माणसे प्रौढ आहेत. तथापि अपंगांचे शिक्षण म्हटले की कार्यकर्त्याच्याही डोळ्यांपुढे लहान मूल उभे राहते. विशेष शाळा मुलांची, शिष्यवृत्ती मुलांची, स्नेहसंमेलनातील टाळ्याही मुलांनाच. कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत दिला आहे. एकोणिसाव्या वर्षी काय होते?

एकोणिसाव्या वर्षी, नशीब बलवत्तर असेल तर, कर्मशाळा मिळते. राज्यात अनुदानित कर्मशाळा आहेत आणि त्यांतील शिक्षक थोड्या साधनांनिशी प्रामाणिकपणे राबतात, हे मान्य केले पाहिजे. पण तेथे शिकविले जाते ते काय? खडू, मेणबत्त्या, अगरबत्त्या, कागदी पिशव्या, खुर्च्यांचे वेत विणणे. वर्गातील काळ्या फळ्यांची जागा पांढऱ्या फलकांनी आणि पडद्यांनी घेतली, तरी खडू पाडणे चालूच आहे. ज्या मालाला बाजार उरला नाही त्याचे कौशल्य देऊन त्याला पुनर्वसन म्हणावयाचे, हा अर्थशास्त्राशी केलेला विनोद आहे. हुशार व शिकलेल्या तरुणांसाठी दुसरी वाटही आहे. जळगावातच दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प दिव्यांग तरुणांना निवासी राहून उच्च शिक्षणाची व स्पर्धा परीक्षांची तयारी करू देतो आणि त्याचे मोल मोठे आहे. परंतु चौथीतून शाळा सुटलेल्या, आता पस्तीस वर्षांच्या, घराच्या ओट्यावर बसून रस्ता पाहणाऱ्या बहिऱ्या स्त्रीला ना कर्मशाळा आहे ना स्पर्धा परीक्षा. तिच्या दिवसाचे चोवीस तास कोणत्याच खात्याच्या हिशेबात येत नाहीत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्या समाजाने अपंगत्वाचीही एक वर्णव्यवस्था करून ठेवली आहे. आंधळा असेल तर त्याच्यापुढे पेटी सरकवावयाची, बहिरा असेल तर त्याच्या हाती कुंचला द्यावयाचा, पोलिओने पाय गेलेल्याला एकेकाळी टेलिफोनचे बूथ द्यावयाचे, आणि मतिमंदाला अगरबत्ती वळावयास बसवावयाचे. जन्मावरून धंदा ठरविण्याची सवय अंगात इतकी मुरलेली आहे की, दयेचे वाटप करतानाही ती सुटत नाही. आंधळ्याला मातीची मूर्ती करावीशी वाटेल, बहिऱ्याला नाचावेसे वाटेल, ही शक्यताच कोणी विचारात घेत नाही. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ च्या सुमारास पूर्ण गेली. त्यानंतरही ते कागद कापून चित्रे करीत राहिले, शिकवीत राहिले आणि १९७२ मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर भाजलेल्या फरश्यांचे भव्य भित्तिचित्र उभे केले. स्कॉटलंडच्या एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ गेली. त्या जगप्रसिद्ध तालवादक झाल्या. पायांत काही न घालता वाजवितात, कारण नाद त्या जमिनीतून व शरीरातून घेतात. ही उदाहरणे असामान्यांची आहेत, हे खरे. मात्र हाताने रूप कळते आणि अंगाने ताल कळतो, या गोष्टी सामान्यच आहेत.

'दिव्यांग' या शब्दाविषयी चार शब्द येथेच बोलून घ्यावेत. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द सुचविला आणि सरकारी कागदांतून 'अपंग' गेला. अंगात दिव्य असे काही नाही, आम्हांला रस्ता द्या, असे तेव्हाही अनेक अपंग कार्यकर्त्यांनी सांगितले होते. शब्द बदलणे सर्वांत स्वस्त पडते, म्हणून ते सर्वांत आधी होते. तेव्हा शब्दावर अधिक शाई खर्च करण्याचे कारण नाही.

नशिराबादपासून जवळच असोदे गाव आहे. बहिणाबाई चौधरींचा जन्म तेथे १८८० साली झाला. त्या शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात व जात्यावर त्यांनी रचलेली कविता आज मराठीच्या मुकुटात आहे, त्यांच्या नावाचे विद्यापीठ जळगावात आहे आणि जिल्ह्यात प्रत्येक सभेत त्यांचा उल्लेख होतो. पण ही कविता टिकली कशी, याकडे फारसे लक्ष जात नाही. सोपानदेव हे त्यांचे चिरंजीव स्वतः कवी होते. त्यांनी व घरातील एका आप्ताने त्या ओव्या उतरवून घेतल्या. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये पुस्तक निघाले. बहिणाबाई त्याच्या आदल्या वर्षी, ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या होत्या. म्हणजे एका निरक्षर स्त्रीच्या प्रतिभेला तिच्या शेजारी बसून लिहून घेणारा हात मिळाला, एवढ्या एका आधारावर मराठी साहित्याचे हे धन वाचले. तो हात मिळाला नसता तर असोद्याच्या शिवारात ते विरून गेले असते, आणि काय गेले हेही कोणाला कळले नसते. अपंगत्वाच्या आधुनिक विचाराचा गाभा नेमका हाच आहे. उणीव माणसाच्या देहात असते त्यापेक्षा अधिक ती माणूस आणि त्याला मिळणारा आधार यांच्यामधील अंतरात असते. योगायोग असा की, ३ डिसेंबर हाच संयुक्त राष्ट्रांनी ठरविलेला आंतरराष्ट्रीय अपंग दिन. त्या दिवशी जळगाव जिल्ह्यात बहिणाबाईंच्या प्रतिमेला हार पडतात आणि दिव्यांगांना साहित्यवाटपही होते. दोन्ही कार्यक्रमांचे पाहुणे पुष्कळदा तेच असतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, असे त्यांतील कोणी कधी बोलून दाखविले तर बरे होईल.

विष्णु दिगंबर पलुसकरांची गोष्टही अशीच अर्धी सांगितली जाते. कुरुंदवाडच्या या मुलाच्या डोळ्यांना लहानपणी दारूकामाच्या स्फोटात इजा झाली आणि नेहमीचे शिक्षण थांबले. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची गाण्याची तालीम सुरू झाली ती या अपघातानंतर. १९०१ साली लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. त्याआधी गाणे शिकावयाचे तर उस्तादाच्या घरी राबावे लागे, किंवा संस्थानिकाचा आश्रय लागे. पलुसकरांनी ते शाळेत आणले. अभ्यासक्रम, परीक्षा, फी आणि वर्गणी यांवर उभे केले. आज खान्देशातील लहान गावातली मुलगी 'प्रवेशिका' किंवा 'मध्यमा' देते तेव्हा ती एका दृष्टिदोष असलेल्या माणसाने आखलेल्या वाटेने चालत असते. सार्वजनिक कलाशिक्षणाचा पायाच असा घातला गेला असता, त्या शिक्षणात अपंगांना जागा कोठे द्यावी असा प्रश्न विचारला जावा, हे चमत्कारिक होय.

मात्र परीक्षेची वाट सर्वांना मानवणारी नाही. गावातील प्रौढ दिव्यांगांसाठी खान्देशाचे स्वतःचे लोककलाप्रकार अधिक उपयोगी पडतील, असे म्हणण्यास जागा आहे. आणि हे प्रादेशिक अभिमानापोटी नव्हे. वहीगायन घ्यावे. डफ आणि तुणतुणे यांच्या साथीने एक जण पुढे गातो, बाकीचे झील धरतात, कोणी ताल देतो, कोणी हावभाव करतो, कोणी नाचतो. हे समूहाचे काम आहे आणि त्यात श्रमांची विभागणी मूळचीच आहे. ज्याला शब्द लक्षात ठेवता येत नाहीत त्याला झिलीचे दोन शब्द धरता येतात. ज्याला पाय नाहीत तो तुणतुणे वाजवू शकतो. ऐकू न येणाऱ्याच्या तळहाताला डफाच्या कातड्याचा कंप कळतो. न दिसणाऱ्याला पुढचा गायक किती पावलांवर आहे हे आवाजावरून समजते. एकट्याच्या कसबावर उभी असलेली कला उणीव उघडी पाडते. समूहाची कला ती वाटून घेते. शिवाय शिकविणारे गावातच असतात. त्यांतील पुष्कळ जण म्हातारे झालेले आहेत आणि शिष्य मिळत नाहीत म्हणून वहीची बाडे गाठोड्यात बांधून बसलेले आहेत.

परंतु येथे जपून बोलले पाहिजे. जुने खेडे अपंगांना सामावून घेणारे होते, अशी एक भाबडी समजूत शहरात पसरलेली असते. जुन्या खेड्याने आंधळ्याच्या हाती एकतारी दिली हे खरे. ती दारोदार भिक्षा मागण्यासाठी दिली. त्याला प्रेमाने सूरदास म्हटले आणि पंगतीत शेवटी बसविले. दिव्यांग स्त्रीची गत याहून बिकट होती आणि आहे. आखाजीला खान्देशात सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. सारा सण लेकी माहेरी येण्याचा आहे. जिचे अपंगत्वामुळे लग्नच झाले नाही, ती लेक माहेरी येणार कोठून? ती माहेरातच असते, चुलीपाशी, भावाच्या संसारात, आणि तिच्या बरोबरीच्या मुली झोक्यावर बसतात तेव्हा ती त्यांची पोरे सांभाळते. त्या गाण्यांतील सारी सुखदुःखे सासर आणि माहेर यांच्यामधील वाटेवरची आहेत. जी त्या वाटेने कधी गेलीच नाही तिच्यासाठी गाणे नाही. तेव्हा परंपरा जशी आहे तशी उचलून वर्गात आणली म्हणजे काम झाले, असे होणार नाही. त्या स्त्रीला झोक्यावर जागा द्यावी लागेल, आणि तिचे स्वतःचे गाणे तिला रचू द्यावे लागेल. बहिणाबाईंच्या मुलुखात हे अशक्य मानण्याचे कारण नाही.

असल्या शिक्षणाला वेळ किती द्यावा लागतो, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे १९७४ मध्ये 'क्रिएटिव्ह ग्रोथ' नावाचे कलाकेंद्र निघाले. मोठमोठ्या सरकारी इस्पितळांतून बाहेर पडलेल्या प्रौढ अपंगांना काम करावयास एक जागा असावी, हा त्यामागील हेतू. ज्युडिथ स्कॉट ही स्त्री १९८७ मध्ये तेथे आली. ती जन्मतः मतिमंद. शिवाय तिला ऐकू येत नव्हते आणि हे कित्येक दशके कोणाच्या ध्यानीच आले नव्हते. वयाच्या सातव्या वर्षापासून सुमारे पस्तीस वर्षे ती संस्थांच्या कोठड्यांत होती. केंद्रात आल्यावर जवळजवळ दोन वर्षे तिने विशेष असे काही केले नाही. मग एके दिवशी ती सुताच्या वर्गात बसली आणि हाती येईल त्या वस्तूभोवती सूत, चिंध्या, दोर गुंडाळू लागली. २००५ मध्ये तिचे निधन झाले तेव्हा तिची शिल्पे मोठमोठ्या संग्रहालयांत पोहोचली होती. ही कथा यशाची म्हणून सांगितली जाते. तिच्यातील शिकण्याजोगी गोष्ट ती दोन वर्षे आहेत. आपल्याकडील योजना तीन महिन्यांची असते. शेवटी प्रमाणपत्र, छायाचित्र आणि उपयोगिता दाखला. तीन महिन्यांनी ज्युडिथ स्कॉटला कोणत्याही खात्याने 'प्रगती नाही' म्हणून घरी पाठविले असते. कापसाच्या या मुलुखात सुताची तर काही वाण नाही.

महाराष्ट्रातही उदाहरणे आहेत. बाबा आमटे यांच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी २००२ मध्ये 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठमुक्त, अंध, मूकबधिर, हातापायांनी अधू असे कलावंत त्यात एकत्र गातात, नाचतात व गावोगावी कार्यक्रम करतात. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल लिपीतील मराठी पाक्षिक सुरू केले. त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या 'अपूर्व मेघदूत' या नाटकात एकोणीस दृष्टिहीन कलावंत होते. असे प्रयोग पाहून प्रेक्षक भारावतात, डोळे पुसतात आणि घरी जातात. या भारावण्यात एक धोका आहे. चमत्कार मानला की व्यवस्थेचा विचार करावा लागत नाही. आनंदवनात वाद्यवृंद उभा राहिला, कारण तेथे त्या माणसांना आधीच निवारा होता, अन्न होते, काम होते, आणि तालमीला जाण्यासाठी कोणाच्या मोटारीची वाट पाहावी लागत नव्हती. व्यवस्था आधी, टाळ्या मागाहून, असा तो क्रम आहे.

आता पैशाचा प्रश्न. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी असा शासनाचा आदेश आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. राज्यभरचा अनुभव असा की, ही रक्कम वर्षानुवर्षे पडून राहते, किंवा मार्चअखेर थोडीथोडी रोख वाटून संपविली जाते. समजा, एखाद्या नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न ३ कोटी रुपये आहे. तिचा दिव्यांग निधी १५ लाख झाला. यादीत ५०० दिव्यांग असतील तर प्रत्येकी वर्षाला ३,००० रुपये येतात. आता आठवड्यातून दोन दिवस, वर्षाकाठी शंभर दिवस चालणारा कलावर्ग धरावा. दोन शिक्षकांना महिना ८,००० प्रमाणे १ लाख ९२ हजार. वीस जणांना रिक्षाने ने-आण करण्यास दिवसाला माणशी ५० प्रमाणे १ लाख. खुणांच्या भाषेच्या दुभाष्यास दिवसाला १,००० प्रमाणे १ लाख. वाद्ये, रंग, माती यांसाठी ४० हजार. एकूण ४ लाख ३२ हजार. हे सारे दिव्यांग निधीतून घेतले तर यादीतील प्रत्येकाच्या वाट्यात वर्षाला ८६४ रुपयांची घट होते.

वीस जणांच्या वर्गासाठी पाचशे गरिबांच्या ताटातून एवढे का काढावे, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्त आहे, आणि त्याला कलेच्या थोरवीवरील प्रवचन हे उत्तर नव्हे. ज्या घरात औषधाला पैसा नाही तेथे तीन हजार रुपये ही थट्टेची गोष्ट नाही. उत्तर हिशेबातच शोधले पाहिजे. हा वर्ग केवळ दिव्यांगांचा असणार नाही; त्यात गावातील कोणीही प्रौढ बसेल, एकत्र शिकेल. मग शिक्षकांचे मानधन आणि साहित्य हा गावाच्या सर्वसाधारण शिक्षण व सांस्कृतिक खर्चाचा भाग होतो. दिव्यांग निधीवर बोजा पडावा तो फक्त जादा खर्चाचा, म्हणजे ने-आण आणि दुभाषी यांचा. तो २ लाख आहे. माणशी घट ४०० रुपयांची. तेव्हा सहशिक्षण हे येथे केवळ तत्त्व म्हणून नव्हे, तर हिशेब म्हणूनही सरस ठरते. उलट दिव्यांगांसाठी वेगळा वर्ग काढला की सर्वसाधारण अंदाजपत्रक हात झटकून मोकळे होते.

बाजार हे काम करील अशी आशा धरण्यात अर्थ नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ मध्येच दाखविले होते की, यंत्राने कारखान्यातील उत्पादकता वाढते, पण चौघांनी वाजवावयाची संगीतरचना आजही चौघांनाच आणि तेवढाच वेळ वाजवावी लागते. म्हणून अशा कलांचा खर्च इतर वस्तूंच्या तुलनेत वाढत जातो आणि समाजाच्या आधारावाचून त्या जगत नाहीत. एका मतिमंद प्रौढाचा हात हाती धरून ताल शिकविणे हे तर याहूनही सावकाशीचे काम. अमर्त्य सेन यांनी दुसरी बाजू मांडली आहे. अपंगाला दुहेरी अडचण असते : त्याला कमाई कमी होते, आणि झालेली कमाई सुखात रूपांतरित करण्यासही त्याला इतरांपेक्षा अधिक पैसा लागतो. तेच नाटक पाहावयास धडधाकट माणसाला तिकिटाचे पैसे पुरतात. चाकाच्या खुर्चीतील माणसाला तिकीट, रिक्षा आणि सोबती या तिघांचे पैसे लागतात. समान अनुदान म्हणजे समान संधी नव्हे, हे यावरून उघड आहे.

मागास भागाला कला ही चैन आहे, असे म्हणणाऱ्यांनी फैजपूर आठवावे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन याच जिल्ह्यात भरले. देश पारतंत्र्यात होता, शेतकरी मंदीने पिचलेला होता. तरीही गांधीजींनी अधिवेशननगराच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावून घेतले आणि त्यांनी बांबू व स्थानिक साहित्य वापरून ते नगर सजविले. ज्यांच्याजवळ काही नाही त्यांच्या अंगणात सौंदर्य आधी गेले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. पुढे सेवादलाच्या कलापथकांनी तीच दृष्टी गावोगाव नेली. निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही माणसे त्या कलापथकांतून पुढे आली. शाळा-कॉलेजची पायरी न चढलेल्या तरुणालाही रंगमंच देणारी ती व्यवस्था होती. तिच्यातही चालणारा, बोलणारा, पाहणारा तरुणच डोळ्यांपुढे धरलेला असे, ही उणीव आता भरून काढता येईल.

कायदा आहे, निधी आहे; योजनाही आहे. २०२२ ते २०२७ या काळासाठी केंद्राने १,०३७.९० कोटी रुपयांचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला. पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी असलेल्या या कार्यक्रमात अक्षरओळखीबरोबर निरंतर शिक्षणाचा भाग असून त्यात कला आणि संस्कृती हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. प्रत्यक्षात चाचणीला किती जण बसले एवढेच मोजले जाते. नशिराबादेत किंवा कोणत्याही गावात हे बदलावयाचे तर आरंभ यादीपासून करावा लागेल. पालिकेच्या दप्तरात दिव्यांगांची नावे असतात ती दाखल्याच्या टक्केवारीसह. त्यांना काय करावेसे वाटते, याचा रकाना नसतो. चार कार्यकर्त्यांनी महिनाभर घरोघर जाऊन तो रकाना भरावा. ओट्यावर बसलेल्या स्त्रीला तिच्या भावाच्या तोंडून न विचारता तिलाच विचारावे. तिला बोलता येत नसेल तर खुणांनी, चित्रांनी, डफ पुढे ठेवून विचारावे. वाचनालयाची, शाळेची किंवा समाजमंदिराची एक तळमजल्यावरील खोली संध्याकाळी मागून घ्यावी. वहीगायनाचा एखादा जुना जाणकार गाठावा आणि त्याला मानधन रोख द्यावे, सत्कार नव्हे.

पालिकेचे अंदाजपत्रक मार्चपूर्वी तयार होते. त्याआधी माहितीच्या अधिकाराखाली दोन प्रश्नांचा अर्ज द्यावा : गेल्या तीन वर्षांत पाच टक्क्यांच्या निधीतून एकोणतिसाव्या कलमातील कामांवर किती रुपये खर्च झाले, आणि अठराव्या कलमाखाली प्रौढ दिव्यांगांसाठी कोणता वर्ग चालविला गेला. उत्तर शून्य आले तर तो कागद घेऊन अंदाजपत्रकाच्या सभेच्या दिवशी पालिकेत जावे. आणि जाताना यादीतील माणसांना बरोबर न्यावे. सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर सभा खाली घेण्याची मागणी आदल्या आठवड्यातच लेखी द्यावी.